जिन्याखालचा सर्व्हर

जोडणीवालीने जिन्याखाली गुडघे टेकले, एक मोडका पंखा खांद्याने बाजूला सारला आणि नव्या सर्व्हरची पेटी भिंतीकडे लोटली. डोक्यावरच्या पायरीवर चप्पल वाजली आणि थांबली.

“इतकी आत नको,” वरून आवाज आला. “ती भिंत तिची आहे.”

तिने पेटी हातभर पुढे ओढली. लगेच कारखान्याच्या दारातून दुसरा आवाज आला.

“इतकी बाहेर नको. वर जाणाऱ्यांच्या पायात यायची, आणि मग नाव आमचं.”

जोडणीवालीने पेटी होती तिथेच सोडली आणि केबलचं वेटोळं उलगडायला घेतलं. जोडणीवाली हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण ऑफिसांमधली यंत्रं एकमेकांना जोडून देणं हा तिचा धंदा, आणि गिऱ्हाइकांनी ठेवलेलं हे नाव आता तिच्याही अंगवळणी पडलं होतं. आजवर तिने सर्व्हर कपाटात बसवले होते, माळ्यावर बसवले होते, एकदा तर वापरात नसलेल्या न्हाणीघरात बसवला होता. दोन बायकांच्या हद्दीवर बसवायची वेळ मात्र पहिलीच होती.

दुकान वजनकाट्यांचं. खाली कारखाना होता, तिथे सोनारांच्या नाजूक काट्यांपासून पोती तोलणाऱ्या दांडग्या काट्यांपर्यंत सगळे दुरुस्त होत, तपासले जात आणि बरोबर असल्याचा दाखला घेऊन परत जात. वर ऑफिस होतं, तिथे फोन, बिलं आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलणं. खालचं धाकटी बघायची, वरचं थोरली. दोघी जावा. दुकान सासऱ्यांचं; त्यांच्या दोन्ही मुलांना काट्यांची गोडी लागली नाही, ती नोकरीला लागली आणि सुना दुकानाला लागल्या. सासरे गेल्यावरही दोघींनी ते असं चालवलं की नात्यागोत्यात त्यांचा दाखला देत. आता मात्र विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं. नवरे अजूनही रविवारी एकत्र बसून बुद्धिबळ खेळत आणि बायकांचा विषय निघाला की हातात प्यादं धरून खोल विचारात पडत.

हे सगळं जोडणीवालीला पहिल्याच दिवशी कळलं, कारण तिला विचारायची खोड होती. “तुला तार जोडायला बोलावतात, मूळ शोधायला नाही,” असं तिचा नवरा म्हणायचा. तिचं म्हणणं, मूळ कळल्याशिवाय तार जोडायची तरी कुठे? आणि सांगायला मिस्त्रीकाका होतेच. सासऱ्यांच्या काळापासूनचा माणूस, हातात सतत एक फडकं, आणि ऐकणारं कुणी भेटलं की फडकं खाली ठेवायचं.

“एका जुन्या गिऱ्हाइकाचा काटा होता,” ते म्हणाले. “थोरल्या वहिनींनी शब्द दिलेला, संध्याकाळपर्यंत दाखला देते म्हणून. धाकट्या वहिनी म्हणाल्या, काटा खोटं बोलतोय, मी सही करणार नाही. गिऱ्हाईक समोर उभं. थोरल्या वहिनींच्या तोंडून निघून गेलं, दुकान काही तुझं नाही, सही करायची तेवढी कर.”

“मग?”

“मग काय. धाकट्या वहिनींनी हातातला चिमटा खाली ठेवला. म्हणाल्या, मग वेगळंच करू. थोरल्या म्हणाल्या, करू. तेव्हापासून बोलणं बंद.”

“आणि गिऱ्हाईक?”

“ते गेलं की दोघींना सोडून,” मिस्त्रीकाका म्हणाले आणि फडकं पुन्हा उचललं.

वेगळं व्हायचं तर गिऱ्हाइकांना तसं कळवायला हवं होतं. त्यासाठी एक पत्र, दोघींच्या नावाने: अमुक तारखेपासून आमचं दुकान विभागलं जात आहे, तपासणी एकीकडे आणि विक्री दुसरीकडे. साधी चार वाक्यं. पण एकीने लिहिलेलं दुसरीला रुचेना. पेन ड्राइव्ह घेऊन मिस्त्रीकाका जिना चढत होते, उतरत होते. त्या पेन ड्राइव्हवर “पत्र शेवटचं” नावाची फाईल होती, “पत्र अगदी शेवटचं” होती आणि “पत्र आता बास” नावाचीही होती. शेवटी काकांच्या गुडघ्यांनी हात टेकले. त्यात दुकानाची मुख्य यंत्रणा, जिच्यात बिलं आणि हिशेब होते, ती कुणी एखादा दाखला उघडला की गोगलगायीसारखी चालायची. खालचे म्हणत वरच्यांमुळे, वरचे म्हणत खालच्यांमुळे. एवढ्या एका गोष्टीवर मात्र दोघींचं, अर्थात वेगवेगळं, एकमत झालं होतं की जोडणीवालीला बोलवावं.

“आहे त्याच यंत्रात का नाही बसवत?” थोरलीने जिन्यावरून विचारलं.

“एकाच शेगडीवर भाजीही ठेवायची आणि आंघोळीचं पाणीही, असं चाललंय सध्या,” जोडणीवाली म्हणाली. “हिशेब तिकडेच राहू दे. दाखले, पत्रं, सगळे कागद उघडायचं आणि लिहायचं काम हा दुसरा सर्व्हर करेल. लिहून झालं की फाईल परत मुख्य यंत्रणेत नेऊन ठेवेल.”

“पण जुनं यंत्र या नव्यावर विश्वास कसा ठेवणार?” हे मिस्त्रीकाकांनी विचारलं, आणि जोडणीवालीला फार आवडलं. असा प्रश्न शिकलेली माणसंही सहसा विचारत नाहीत.

“दोघांकडे एकच गुप्त शब्द असतो. तो जुळला तरच देवाणघेवाण. नाही जुळला, तर शेजारी बसूनही एकमेकांना ओळख देत नाहीत.”

“म्हणजे घरचंच प्रकरण,” काका पुटपुटले. वरची चप्पल तरातरा निघून गेली.

संध्याकाळच्या आत दोन्ही यंत्रांची ओळख पटली. नावं घालायची वेळ आली तेव्हा जोडणीवालीला दिसलं, मुख्य यंत्रणेत दोघींची नावं नव्हतीच. सासऱ्यांनी पूर्वी करून घेतलेली दोनच खाती होती, “वर” आणि “खाली”. बदलू का, तिने विचारलं. दोघींनीही राहू दे म्हणून कळवलं.

मग तिने खालच्या संगणकावर ते पत्र उघडलं आणि धाकटीला खुर्चीत बसवलं. धाकटी सडपातळ, चष्मा कपाळावर, हातात पांढरे सुती मोजे. प्रमाण वजनांना उघडा हात लावायचा नसतो, कारण बोटाचा घामही वजन वाढवतो. मोजे न काढताच तिने माऊस धरला. पडद्यावर पहिल्या ओळीपाशी एक नारिंगी रेघ लुकलुकत होती. तिच्या डोक्यावर छोटी पाटी: वर.

“हे काय?”

“त्या पण आत्ता याच पत्रात आहेत. त्या जिथे लिहितात तिथे तुम्हाला ती रेघ दिसते. तुमची त्यांना निळी दिसत असेल.”

धाकटीने माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. नारिंगी रेघ “विभागलं” या शब्दाशी गेली, थोडी थांबली, पुन्हा मागे आली.

“बघतायत का त्या माझ्याकडे?”

“तुमच्याकडे नाही. पत्राकडे.”

“तेच ते,” धाकटी म्हणाली.

जोडणीवालीला खरं तर तिथे थांबून पुढे काय होतं ते बघायचं होतं. पण काम झालं होतं. तिने केबली आवरल्या आणि निघाली. जाताना तिने पाहिलं, थोरली ऑफिसचे दिवे मालवत फिरत होती. ही सवय तिची सगळ्यांना माहीत होती. माणूस खुर्चीतून अर्धा उठला की ती त्याच्या डोक्यावरचा पंखा बंद करायची. विजेच्या बाबतीत ती आपल्या सख्ख्या मुलाचीही गय करत नसे.

काही दिवसांनी सकाळीच थोरलीचा फोन आला.

“अहो बाई, तुमचं यंत्र बिघडलंय. पत्र लिहून तयार आहे, पण पाठवायचं बटण दाबलंच जात नाही. राखाडी पडलंय नुसतं. खालून कुणी काही करून ठेवलंय का बघा.”

तिने फोन ठेवला न ठेवला तोच धाकटीचा आला. तिचीही तीच तक्रार होती, आणि संशय वरच्यांवर.

बिघाडाने जोडणीवालीला नेहमी हुरूप यायचा. चालणाऱ्या यंत्राकडे बघून काय कळतं? अडलेलं यंत्र काहीतरी सांगत असतं. ती पोचली, जिन्याखाली मांडी ठोकून बसली आणि एकेक तपासत गेली. दोन्ही यंत्रांची घड्याळं जुळत होती. गुप्त शब्द जुळत होता. जागा भरपूर होती. दाखले छान उघडत होते, छान परत जात होते. त्या दिवशीचे सगळे नीट गेले होते. अडला होता तो एकच कागद, पत्र.

“सापडलं का?” मिस्त्रीकाका वाकून बघत म्हणाले.

“अजून नाही. काका, इथे गंमत आहे. हा सर्व्हर म्हणतो, मला काही झालेलं नाही, मी वाट बघतोय.”

“कुणाची?”

तिने नोंदी वर सरकवल्या आणि मग तिच्या भुवया वर गेल्या. फाईल परत नेऊन ठेवायची ती सगळ्यांचं लिहून झाल्यावर. लिहून झालं हे सर्व्हरला कसं कळणार? आत कुणी उरलं नाही की. आणि इथे तर पत्र पहिल्या दिवशी उघडलं ते बंदच झालं नव्हतं. “वर” आत होती. “खाली” आत होती. काल होत्या, परवा होत्या. दुकान बंद झाल्यावरही होत्या.

“काका, संध्याकाळी संगणक बंद करत नाहीत का?”

“बोलू नका,” काका कुजबुजले. “मी दुकानाला कुलूप लावतो ना रोज. खालचा चालू असतो. वरचाही चालू असतो. मी बंद करायला गेलो तर थोरल्या वहिनी म्हणाल्या, असू द्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या बाईच्या तोंडून विजेच्या वस्तूला असू द्या ऐकलं मी.”

जोडणीवाली जिना चढून वर गेली. थोरली बिलांमध्ये डोकं घालून बसली होती. ती जाडजूड होती, आवाज मोठा, गुडघ्याला पट्टा.

“पत्र उघडं आहे का तुमच्याकडे?”

“छे. कधीच बंद केलं.”

जोडणीवालीने पडद्याच्या कडेला दुमडून ठेवलेल्या खिडकीवर टिचकी मारली. पत्र समोर आलं. वरची चार वाक्यं पहिल्या दिवशी होती तशीच होती, त्यांना कुणी हात लावला नव्हता. समास मात्र गच्च भरला होता. शेरे लिहायची सोय असते तिथे, शब्दाला हरकत घ्यायची असेल तर. पहिला शेरा वरचा होता, “विभागलं” शब्दावर: हा शब्द कडक वाटतो. खालचं उत्तर: मग तुम्ही मऊ सुचवा. मग “वेगळं”, मग “स्वतंत्र”, मग कुणालाही न पटलेलं आणखी एक. त्याखाली, पत्राशी काडीचा संबंध नसलेलं: छोटा तराजू कुणाच्या घरी न्यायचा ठरला? आणि: तो मामंजींचा, तो दुकानातच राहील. मग: गुडघ्याला ते तेल लावता का, की नुसतं कपाटात आहे? आणि: लावते. पुढे आणखी बरंच होतं, पण जोडणीवालीने नजर वळवली. खोड असली तरी तिलाही हद्द कळत होती.

निळी रेघ तेवढ्यात हलली. थोरलीचा हात बिलांवरून उठला आणि हवेतच राहिला. समासात एकेक अक्षर उमटत गेलं: जोडणीवाल्या बाई आल्या आहेत. चहा मी सांगितलाय. तुमचा बिनसाखरेचा.

खोलीत पंखा घरघरत होता. थोरलीने बिलांचा गठ्ठा सारखा केला, मग पुन्हा सारखा केला.

“बिघाड सापडला का?” तिने वर न बघता विचारलं.

“बिघाड नाहीये. दोघींपैकी एकजण जरी पत्रात असली, तरी ते इथून हलत नाही. दोघींनी बंद केलं की थोड्याच वेळात बटण उजळेल आणि दाबलं की सगळ्या गिऱ्हाइकांना पत्र जाईल.” ती क्षणभर घुटमळली. “नाहीतर तुम्ही म्हणालात तर मी खालूनच बंद करू शकते. एका मिनिटाचं काम.”

“नको,” थोरली म्हणाली, जरा जास्तच घाईने. मग सावरून म्हणाली, “म्हणजे, तिला विचारा. ती करते का बंद. तिने केलं तर मी करते.”

जोडणीवाली खाली आली. धाकटी एका पारड्यात चिमट्याने पितळी वजन ठेवत होती. काटा स्थिर होईपर्यंत ती बोलली नाही, श्वासही तिने रोखून धरला होता. मग म्हणाली, “ऐकलं मी. त्यांनी केलं का बंद?”

“नाही.”

“मग मीच का पहिली?” तिने वजन उचलून मखमलीच्या खाचेत परत ठेवलं. “आणि वीज गेली तर? आपोआप बंद होईल?”

“होईल. सगळेच बाहेर पडतील. मग पत्र तयार.”

धाकटी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणून तिच्याकडे बघत राहिली.

जोडणीवालीने बिघाड नाही असं लिहून दिलं, बिनसाखरेच्या शेजारी ठेवलेला आपला साखरेचा चहा प्यायली आणि घरी गेली. रात्री जेवताना नवऱ्याने विचारलं, मूळ सापडलं का? ती म्हणाली, सापडलं, पण उपटायचं नाहीये.

दुसऱ्या दिवशी आधी धाकटीचा फोन आला. वीज गेली तरी यंत्रं चालू राहतात अशी बॅटरी मिळते ना? तशी एक खाली लावा. जिन्याखाली एक लावा. तासाभराने थोरलीचा आला. तिलाही बॅटरी हवी होती, मोठी, दणकट, दिवसभर वीज नसली तरी चालेल अशी. तिचा आवाज चोरी पकडली गेल्यासारखा झाला होता आणि त्यामुळे तो आणखीच मोठा झाला होता.

“खाली पण लावा म्हणजे झालं,” ती म्हणाली. “तिची बंद पडली आणि माझी चालू राहिली तर काय उपयोग?”

“खालून सांगितलंय आधीच,” जोडणीवाली म्हणाली. “बिलं दोन करायची का? एक तुमच्या नावाने, एक—”

“दोन कशाला?” पलीकडे कागद सारखे केल्याचा आवाज. “एकच करा. दुकानाच्या नावाने.”

बॅटऱ्या बसवल्या त्या दुपारी. एक वर, एक खाली, एक जिन्याखाली, बरोबर हद्दीवर, आणि या वेळी पेटी कुठे ठेवावी याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. सगळं जोडून झाल्यावर जोडणीवालीने मिस्त्रीकाकांना खूण केली. काका मुख्य कळीपाशी उभे होते.

“वीज घालवतोय!” ते ओरडले आणि कळ खाली ओढली.

पंखे थांबले. कारखान्यातलं घासायचं चाक घरघरत मंदावलं आणि गप्प झालं. या दुकानात इतकी शांतता जोडणीवालीने कधी ऐकली नव्हती. रस्त्यावरच्या सायकलची घंटी आत आली, वरच्या मजल्यावर खुर्ची करकरली. जिन्याखालच्या पेटीवरचा हिरवा दिवा तेवढा शांतपणे जळत होता.

खाली धाकटी पडद्याकडे बघत होती. नारिंगी रेघ होती तिथेच होती. तिने हातातले मोजे काढले, एकावर एक ठेवले आणि जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत आली. कठड्यावर हात ठेवून तिने मान वर केली. मोठ्याने बोलायची तिला सवय नव्हती, पण आता आवाज दाबायला पंखा नव्हता.

“ताई,” ती म्हणाली. “तुमचं चालू आहे का?”

वर चप्पल ओढल्याचा आवाज आला, एक पाय दुसऱ्यापेक्षा जड, आणि जिन्याच्या टोकाशी येऊन थांबला.

“आहे,” थोरली म्हणाली. “तुझं?”

मिस्त्रीकाकांचा हात कळीवर होता. त्यांनी जोडणीवालीकडे बघितलं.

“लावू का वीज?” त्यांनी हळूच विचारलं.

“थांबा जरा,” ती म्हणाली.